दचकणे आणि धक्का सावरणे: पिस्तुलाचे तोंड नेमके कधी झुकते?

ठाणे शहरात नेमबाजी शिकणारी मुले बहुधा दहा मीटरच्या एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. त्या पिस्तुलाला गोळी सुटताना बसणारा धक्का जवळजवळ नसतोच, त्यामुळे दचकणे आणि धक्का सावरणे यांतला घोळ समोर येतो तो पंचवीस मीटरवर, वरळीच्या रेंजवर पॉइंट टू-टूचे (०.२२ इंच गोळीचे) पिस्तूल हाती आल्यानंतर. प्रशिक्षकाने मॅगझिनमध्ये न सांगता एक डमी (दारू नसलेले) काडतूस घातलेले असते, ट्रिगर दाबताच नुसता ‘टक्’ आवाज होतो, पिस्तुलाचे तोंड खाली झुकते आणि मागे उभा असलेला कोणीतरी म्हणतो, "दचकतोय." हे निदान बरोबर असेलच असे नाही.

काडतूस पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत एक-दोन सहस्रांश सेकंद जातात, तर माणसाला धक्का जाणवून हालचाल करायला साधारण २०० सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळे डमीवर दिसणारी झुकती हालचाल कोणत्याही नेमबाजाची असो, ती हाताने आधीच ठरवून ठेवलेली असते. दचकणाऱ्याचा हात गोळी सुटण्याच्या आधी खाली दाबतो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचे छिद्र बहुधा खाली-डावीकडे पडते. सरावलेल्याचा हात तोच दाब गोळी बाहेर पडल्यानंतर, उसळलेले पिस्तूल परत आणण्यासाठी देतो. या दुसऱ्या दाबाचा सुटलेल्या गोळीवर काहीही परिणाम होत नाही. या दोन दाबांच्या वेळेतले अंतर इतके बारीक आहे की डोळ्यांना ते दिसणे कठीण.

ते दिसते ठोक्यावर. फोनवर दर दोन सेकंदांना एक ठोका लावून त्या लयीत पाच गोळ्या झाडाव्यात आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्याने प्रत्येक छिद्र क्रमाने नोंदवावे. (ही लय मनाने ठरवलेली नाही: स्टँडर्ड पिस्तूल या स्पर्धेच्या प्रकारात पाच गोळ्यांच्या मालिका १५०, २० आणि १० सेकंदांच्या असतात, आणि शेवटच्या मालिकेत वाट्याला एवढाच वेळ येतो.) सर्वांत बोलकी असते ती पहिली गोळी, कारण तिच्याआधी धक्काच बसलेला नसतो, म्हणजे सावरण्याची चूक तिच्यात शिरूच शकत नाही. पहिलीही खाली गेली तर संशय दचकण्यावर. पहिली दहाच्या वर्तुळात आणि दुसरीपासून पुढच्या खाली, तर हात धक्का सावरताना जास्त दाबतो आहे आणि साइट (नेम धरायची खूण) जागेवर येण्याआधीच ट्रिगर दाबला जातो आहे. पुढच्या गोळ्या वर चढत गेल्या तर पकड सैल आहे.

मग ठोका चार सेकंदांवर न्यावा. सावरण्याची चूक बहुतेक तिथेच विरते, कारण साइटला स्थिरावायला वेळ मिळतो. दचकणे मात्र विरत नाही, उलट वाट पाहण्याच्या काळात वाढतेच. दचकणाऱ्याला ठोका पाळणेही जमत नाही. ढोलपथकातला नवखा जसा टोल पडण्याआधीच टिपरू उगारून बसतो, तसा तो एकदा अडखळतो आणि मग घाईने ट्रिगर ओढतो.

माझ्या वहीत एका रविवारच्या पानावर पाच-पाच ठिपक्यांच्या सहा ओळी आहेत. प्रत्येक ओळीतला पहिला ठिपका मध्यावर आणि बाकीचे चार खाली. त्याआधीचे दोन महिने मी दचकण्यावरचा उपाय म्हणून घरी रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबत बसलो होतो. धक्काच नसलेल्या त्या सरावात माझा खरा दोष एकदाही प्रकट झाला नव्हता.