सीटिंग डाय

बंदुकीची दारू भरलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तोंडात नवी गोळी ठरावीक खोलीपर्यंत दाबून बसवणारा पोलादी साचा. झाडलेल्या पुंगळ्या घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. तिथे या डायच्या बाहेरच्या आट्यांचे माप ठरून गेले आहे : व्यास ७/८ इंच, इंचाला १४ आटे. त्यामुळे एका कंपनीची डाय सहसा दुसरीच्या प्रेसमध्ये, म्हणजे काडतूस भरण्याच्या दाबयंत्रात, बसते. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात .२२ रिमफायर काडतुसे वापरतात. त्यांचे ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच असते आणि चाप ओढल्यावर ती कड चेपते, म्हणून ती या पद्धतीने भरता येत नाहीत.

पिस्तुलाच्या बहुतेक सीटिंग डाय दोन कामे करतात, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे. वरून आट्यांनी फिरणारी दांडी गोळीचे नाक दाबते, तर डायच्या पोटातली खांदणी (आतला कंगोरा) पुंगळीचे तोंड आत वळवते. या दुसऱ्या कामाला क्रिंप म्हणतात. डायचे धड प्रेसमध्ये जास्त खाली उतरवले असेल, तर गोळी अजून खाली सरकत असतानाच तोंड आवळले जाते. मग गोळीवरून शिशाची बारीक कात निघते किंवा तोंडाखाली पुंगळी फुगते. अशा वेळी नवशिके दांडी वरखाली करत बसतात, पण चूक धडाच्या उंचीत असते. धड जागी धरणारा चेकनट सैल करून ते इतके वर घ्यायचे की खांदणी तोंडाला शिवणारच नाही, आणि मग फक्त दांडीने लांबी जुळवायची. नंतर दांडी पूर्ण वर घेऊन धड हळूहळू खाली आणत क्रिंप बसवायचा. त्याहून बरे म्हणजे क्रिंपसाठी वेगळी डाय ठेवणे; थोडा जास्त खर्च होतो, पण डोकेदुखी कायमची जाते.

धड वर घेऊनही कात निघत असेल, तर आधीच्या डायमध्ये पुंगळीचे तोंड पुरेसे फाकवलेले नसते. फुगवटा एकाच बाजूला असेल, तर गोळी तिरकी घुसली आहे. गोळीच्या बुडाशी सगळीकडून सारखी दिसणारी कंबर मात्र दोष नाही. पकड घट्ट असल्याची ती खूण आहे.

लांबी दर काडतुसाला बदलत असेल, तर आधी दांडीचे टोक पाहावे. गोल नाकाच्या गोळीसाठी केलेली दांडी चपट्या नाकावर नीट बसत नाही, आणि गोळीवर वर्तुळाकार ओरखडा उमटतो. शिशाच्या गोळ्यांवरचे मेण टोकाच्या पोकळीत साचत जाते, आणि प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा किंचित खोल जाते. दांडी काढून पुसली की झाले. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे एकाच वेळी अनेक काडतुसांवर वेगवेगळी कामे करणाऱ्या यंत्रावर, फिरत्या थाळीचे सगळे खण भरलेले नसताना दाब बदलतो, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या काही काडतुसांची लांबी वेगळी येऊ शकते.

९ मिमी लुगर या पिस्तुलाच्या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी. पण व्हर्नियरवर माप बरोबर आले म्हणजे काडतूस आपल्या नळीत जाईलच असे नाही. ते गोळीच्या नाकाच्या आकारावरही ठरते. नळी पिस्तुलातून काढून त्यात काडतूस टाकावे. ते टप्पकन आत जायला हवे आणि नळी उलटी करताच आपोआप बाहेर पडायला हवे.

गोळी जास्त खोल जाणे हा सर्वांत धोकादायक दोष. पुंगळीतली जागा कमी होते आणि ९ मिमीसारख्या लहान काडतुसात दाब झपाट्याने चढतो. तयार काडतूस बाकाच्या कडेवर अंगठ्याने दाबून पुन्हा मोजावे. लांबी घटली, तर पकड सैल आहे. इथे क्रिंप वाढवण्याचा मोह होतो, आणि तोच चुकीचा. पकड साइझिंग डायमधून, म्हणजे झाडलेली पुंगळी आवळून मापावर आणणाऱ्या डायमधून, येते. क्रिंप फक्त फाकवलेले तोंड सरळ करतो. आवळल्यावर पितळ थोडे परत उसळते, गोळीतले शिसे उसळत नाही, म्हणून अतिरेकी क्रिंपने गोळी उलट सैलच होते. शिवाय ९ मिमीचे काडतूस नळीत तोंडाच्या कडेवर टेकते, तेव्हा ती कड आत वळवून चालत नाही. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे रिम (बाहेर आलेली कड) असल्याने ते तिच्यावर टेकते, म्हणून तिथे तोंडाची कड गोळीवरच्या खाचेत वळवतात.

थोडे लांब राहिलेले काडतूस क्रिंपच्या आधी असेल, तर पुन्हा डायमध्ये घेता येते. खोल गेलेले मात्र झाडायचे नाही. गोळी उपसण्याच्या हातोडीसारख्या पुलरमध्ये अडकवून आपटले की गोळी आणि दारू वेगळी निघते. हा पुलर रिमफायर काडतुसांसाठी कधीही वापरू नये.