करार संपला, आता कुठे? एनएचएलच्या उन्हाळी वादांमागचा इतिहास

कॅनडात १ जुलै हा राष्ट्रीय दिन. शाळा-कचेऱ्या बंद, संध्याकाळी आतषबाजी. हॉकीवेड्या माणसाचं लक्ष मात्र त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याकडे असतं. टोरांटोच्या वेळेनुसार बारा वाजले की नॅशनल हॉकी लीगमधले, म्हणजे एनएचएलमधले, करार संपलेले खेळाडू कोणत्याही संघाशी सही करायला मोकळे होतात. क्रीडावाहिन्या दिवसभर तेवढंच दाखवतात. कोण आला, कोण गेला, गोलकीपरला एवढे पैसे कशाला दिले, त्या बचावपटूला आता विकणार का, या वादांवर पुढचे तीन महिने निघतात. बर्फावर एकही सामना नसताना.

इथे हॉकी म्हणजे आइस हॉकी. लीगमध्ये ३२ संघ आहेत. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. प्रत्येक संघ आपापल्या खेळाडूशी आणि त्याच्या एजंटशी स्वतंत्रपणे बोलतो. त्यामुळे बातमी फुटते, अफवा उठते, खोटी ठरते किंवा खरी निघते. या चर्चेला रंग चढतो तो एकाच गोष्टीमुळे: खेळाडूला नाही म्हणता येतं आणि निघूनही जाता येतं. लीग १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झाली. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं खेळाडूला ही मुभा नव्हती.

त्या काळच्या करारात एक कलम असायचं, 'रिझर्व्ह क्लॉज'. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा. क्लब त्याला विकू शकत होता, बदलू शकत होता, खालच्या लीगमध्ये धाडू शकत होता. खेळाडूपुढे मात्र त्याच क्लबसाठी खेळणं किंवा घरी बसणं एवढंच होतं. हा फास पोरवयातच पडायचा. क्लब गावोगावचे ज्युनियर संघ पोसायचे आणि मुलांकडून 'सी-फॉर्म' नावाच्या कागदावर सही घ्यायचे. पुढे सर्वकाळच्या थोर बचावपटूंमध्ये ज्याची गणना झाली, तो पॅरी साउंड या गावचा बॉबी ऑर १९६२ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी बोस्टन ब्रुइन्सशी असाच बांधला गेला. मोबदल्यात जे मिळालं त्यात ऑर कुटुंबाच्या घराला बाहेरून गिलावा करून देणं हेही होतं. एका पोराच्या अख्ख्या कारकिर्दीच्या हक्कावरच्या व्यवहारात भिंतीचा गिलावा!

अफवा आणि सौदे तेव्हाही होते. १९६२ च्याच ऑक्टोबरमध्ये शिकागोचे मालक जिम नॉरिस यांनी टोरांटोच्या फ्रँक महोव्हलिचसाठी दहा लाख डॉलर देऊ केले. रात्री पार्टीत हात मिळवले गेले, दुसऱ्या दिवशी खरोखर चेक पोहोचला आणि टोरांटोने तो परत केला. वर्तमानपत्रांनी मथळे केले, शहर त्यावर बोलत राहिलं. पण महोव्हलिचला कुठे खेळायचंय हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं, आणि सौदा झाला असता तरी ते दहा लाख टोरांटो क्लबच्या तिजोरीत गेले असते.

याविरुद्ध पहिल्यांदा उभा राहिला तो टेड लिंडसे. डेट्रॉइट रेड विंग्जचा हा बुटका, भांडखोर डावा विंगर. १९५६-५७ च्या मोसमात तो ८५ गुणांसह (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेली मदत मिळून) लीगमध्ये दुसरा होता. खेळाडूंच्या पगारातून दरवर्षी ९०० डॉलर पेन्शन फंडात जात, पण हिशेबाची वही बघायला मिळत नसे. माँट्रियलचा डग हार्वी, टोरांटोचा जिम थॉमसन आणि इतर काही जणांना बरोबर घेऊन लिंडसेने फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर केली. मालक खवळले. डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर जॅक अ‍ॅडम्स यांनी पत्रकारांना लिंडसेचा पगार फुगवून दाखवणारा खोटा करार दाखवला. त्याच उन्हाळ्यात लिंडसेला शिकागोला पाठवण्यात आलं, जो तेव्हा लीगमधला सर्वांत रडका संघ होता. थॉमसनचीही रवानगी शिकागोलाच झाली. संघटना काही महिन्यांत मोडली.

आज 'ट्रेड', म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल, हा शब्द चाहते सहज वापरतात, पण १९५७ चा तो ट्रेड म्हणजे सरळसरळ शिक्षा होती. ही गोष्ट चाहत्यांना नीट सांगितली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. खेळाडूंच्या मतांवर दिल्या जाणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला २०१० पासून लिंडसेचं नाव आहे. पण बहुतेकांना ते फक्त ट्रॉफीवरचं नाव म्हणून माहीत असतं.

खेळाडूंची टिकाऊ संघटना व्हायला १९६७ उजाडलं. दार फुटलं ते मात्र बाहेरून. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि विनिपेग जेट्सने शिकागोचा तारा, गोलांचा पाऊस पाडणारा बॉबी हल, फोडला. विनिपेगच्या पोर्टेज आणि मेन या चौकात २७ जून १९७२ ला गर्दीसमोर दहा लाख डॉलरचा भलामोठा चेक त्याच्या हाती देण्यात आला. ही रक्कम नव्या लीगच्या इतर क्लबांनीही वर्गणी काढून भरली होती. जुन्या लीगने सूड घेतला. त्याच सप्टेंबरात कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ ही ऐतिहासिक मालिका होती आणि हलला संघाबाहेर ठेवण्यात आलं. चाहत्यांनी देशभर मोहीम उघडली, पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनीही त्याला घ्यावं म्हणून शब्द टाकला, पण उपयोग झाला नाही. नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी रिझर्व्ह क्लॉजच्या जोरावर खेळाडू अडवायला मनाई केली.

तरी लगेच सगळं मोकळं झालं नाही. एनएचएलने भरपाईची अट घातली: दुसऱ्याचा खेळाडू घेतलात तर तोलामोलाचं काहीतरी द्या, नाही जमलं तर लवाद ठरवेल. १९९१ मध्ये सेंट लुईसने न्यू जर्सीच्या ब्रेंडन शॅनहॅनशी करार केला, आणि लवादाने भरपाई म्हणून त्यांचा स्कॉट स्टीव्हन्सच उचलून न्यू जर्सीला दिला. गंमत बघा, या स्टीव्हन्ससाठी सेंट लुईसने जेमतेम वर्षभरापूर्वी वॉशिंग्टनला पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले हक्क, मोजले होते. असा धाक असल्यावर कोण कशाला दुसऱ्याच्या खेळाडूकडे बघेल?

त्या काळातली सर्वांत मोठी अदलाबदल सगळ्यांना ठाऊक आहे. ९ ऑगस्ट १९८८ ला एडमंटन ऑयलर्सने वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला दिलं. बदल्यात दोन तरुण खेळाडू, पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दीड कोटी डॉलर. पाच मोसमांत चार स्टॅन्ले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकून दिलेला माणूस! पत्रकार परिषदेत ग्रेट्स्कीला रडू आवरेना. मालक पीटर पॉकलिंग्टन यांचा पुतळा जाळला गेला आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार नेल्सन रिस यांनी सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. लोकांनी ग्रेट्स्कीच्या नव्या नवरीलाही बोल लावले, जे निव्वळ अन्यायाचं होतं. व्यवहाराच्या मुळाशी मालकाची पैशांची गरज होती.

खरी मोकळीक लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९९५ च्या सामूहिक करारानंतर आली. आधी ३२ आणि मग ३१ वर्षं पूर्ण केलेल्या खेळाडूला भरपाईविना कुठेही जाता येऊ लागलं. डेट्रॉइट, न्यू यॉर्क, डॅलससारख्या श्रीमंत क्लबांनी थैल्या सोडल्या. कॅनडाचे छोटे क्लब अमेरिकी डॉलरमधल्या पगारांनी मेटाकुटीला आले; क्वेबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला गेला, विनिपेगचा पुढच्या वर्षी फिनिक्सला. मालकांनी खर्चाला कुंपण घालायचा हट्ट धरला आणि २००४-०५ चा अख्खा मोसम टाळेबंदीत गेला. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये वर्षभर एकही सामना न होण्याची ती पहिलीच वेळ.

त्यातून आली सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा. पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलरची कमाल मर्यादा पडली. त्या बदल्यात खेळाडूंनी मोकळं होण्याचं वय खाली आणून घेतलं: टप्प्याटप्प्याने २७ वर्षं, किंवा लीगमधली सात वर्षं. म्हणजे खेळाडू ऐन उमेदीत बाजारात येऊ लागला. चाहत्यांच्या वादाचा आजचा साचा इथेच पडला, असं माझं मत आहे. पूर्वी 'हा चांगला की वाईट' एवढंच विचारलं जायचं. आता 'याला इतके दिले तर दुसऱ्याला काय उरणार' हा हिशेब आला.

हिशेब आला तशी आकड्यांची भूक आली, कारण लीग हे आकडे लोकांपुढे नीट मांडत नव्हती. हॅलिफॅक्सचा पत्रकार मॅथ्यू वूस्ट याने २००९ मध्ये 'कॅपगीक' हे संकेतस्थळ सुरू केलं. प्रत्येक खेळाडूचा करार, त्याचा कॅपवरचा भार, कुणाला काढलं तर किती वर्षं किती भुर्दंड, हे सगळं त्यावर मिळायचं. पाहता पाहता चाहते, पत्रकार, एजंट, सगळेच त्यावर विसंबू लागले. आजारपणामुळे त्याने जानेवारी २०१५ मध्ये ते बंद केलं आणि मार्चमध्ये तो गेला, अवघ्या पस्तिशीत. हॉकीच्या चाहत्याला इतकं जाणतं करणारा दुसरा माणूस मला दिसत नाही. मागून आलेलं 'कॅपफ्रेंडली' तर २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने विकतच घेतलं आणि लोकांसाठी बंद केलं.

चाहत्यांच्या तोंडी असलेले बाकीचे शब्दही याच करारांतून आले. 'ऑफर शीट' म्हणजे ज्याला अजून पूर्ण मोकळीक मिळालेली नाही अशा तरुण खेळाडूला दुसऱ्या संघाने दिलेली बोली. मूळ संघाने सात दिवसांत तेवढेच पैसे द्यायचे, नाहीतर ड्राफ्ट पिक घेऊन गप्प बसायचं. २०१९ मध्ये माँट्रियलने कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला अशी बोली दिली. कॅरोलायनाने पैसे भरून त्याला राखलं आणि गोष्ट लक्षात ठेवली. २०२१ मध्ये त्यांनी माँट्रियलच्या येस्पेरी कोटकानिएमीला एका वर्षाचे सुमारे ६१ लाख डॉलर देऊ केले. त्या करारातला साइनिंग बोनस होता फक्त २० डॉलर. २० हा आहोच्या जर्सीचा नंबर. माँट्रियलने तो खेळाडू सोडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसने एकाच वेळी एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे यांना बोली लावली, आणि कॅप भरत आलेल्या एडमंटनला दोघांवरही पाणी सोडावं लागलं.

दुसरा शब्द 'नो-मूव्ह क्लॉज': माझ्या संमतीशिवाय मला हलवायचं नाही. माँट्रियलचा लाडका पी. के. सुब्बन याने शहरातल्या बालरुग्णालयासाठी एक कोटी डॉलर उभारायचा शब्द दिला होता. त्याचं हे कलम १ जुलै २०१६ ला लागू होणार होतं. २९ जूनला क्लबने त्याला नॅशव्हिलला दिलं, शे वेबरच्या बदल्यात. त्याच दुपारी, अर्ध्या तासाच्या आत, एडमंटनने टेलर हॉल सोडून अ‍ॅडम लार्सन घेतला आणि स्टीव्हन स्टॅमकोस बाजारात न येता टँपालाच राहिला. त्या तेवीस मिनिटांवर चाहते अजून भांडतात.

आता जॉन टॅव्हारेसचं बघा. न्यू यॉर्क आयलँडर्ससाठी नऊ मोसम खेळला, कप्तान झाला, करार पुरा केला आणि १ जुलै २०१८ ला सात वर्षांच्या ७ कोटी ७० लाख डॉलरवर टोरांटोला गेला. सोबत त्याने लहानपणचा एक फोटो टाकला: मेपल लीफ्सच्या चादरीवर झोपलेला पोरगा. पुढच्या फेब्रुवारीत तो जुन्या मैदानावर आला तेव्हा लोकांनी त्याच्यावर प्लास्टिकचे साप फेकले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. सुब्बनला दोन दिवस आधी पाठवणाऱ्या क्लबला कुणी साप म्हणत नाही; तिथे 'हा धंदा आहे' असं म्हणून मान डोलावतात. टॅव्हारेसने जी मुभा वापरली, तिच्यासाठी लिंडसे शिकागोला गेला होता आणि हल देशाच्या संघाबाहेर बसला होता.

२०२५ च्या जूनअखेरीला टोरांटोवर तशीच पाळी आली. त्यांचाच मिच मार्नर वेगासला गेला, पण आधी टोरांटोकडून आठ वर्षांचा करार सही करून. कारण तेव्हा आठ वर्षं फक्त स्वतःचा क्लब देऊ शकत होता, दुसऱ्याला सातच. टोरांटोच्या पदरात त्या निमित्ताने निदान निकोला रॉय हा खेळाडू पडला. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या सामूहिक करारात या मर्यादा सात आणि सहा वर्षांवर आल्या आहेत, तर कॅप २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि त्यापुढच्या मोसमासाठी ११ कोटी ३५ लाख डॉलरपर्यंत नेली आहे. पैसा वाढतोय, मुदत आखडतेय. कॉनर मॅकडेव्हिडने ऑक्टोबर २०२५ मध्ये एडमंटनशी करार वाढवला तो फक्त दोन वर्षांसाठी, वर्षाला १ कोटी २५ लाखांवर, म्हणजे होता त्याच भावात. मागितले असते तर कितीतरी जास्त मिळाले असते. वाचलेल्या पैशांत क्लब संघ कसा बांधतो हे तो बघणार आहे, आणि २०२८ च्या उन्हाळ्यात पुन्हा मोकळा होणार आहे.