ड्रक्स : श्रोत्यांचा प्रतिसाद

ड्रक्स हा एफेक्स ट्विन या नावाने संगीत प्रसिद्ध करणाऱ्या रिचर्ड डी. जेम्स याचा दुहेरी अल्बम असून तो २२ ऑक्टोबर २००१ रोजी वॉर्प या ब्रिटिश कंपनीने प्रकाशित केला. दोन सीडींवर प्रत्येकी पंधरा अशा तीस रचना आणि एकूण सुमारे शंभर मिनिटांचा अवधी असलेल्या या अल्बमने इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्यांमध्ये उघड दोन तट पाडले. एका तटाला तो प्रतिभावंताने जुनी सामग्री चाळून भरलेला पसारा वाटला, तर दुसऱ्याला त्याच्या कारागिरीचा कळस. हा मतभेद मुख्यतः दोन गोष्टींवरून झाला : श्रोत्यांनी मनात धरलेली अपेक्षा आणि रचनांचा क्रम. एकेका रचनेच्या गुणवत्तेवरून झालेला वाद त्या मानाने थोडा होता.

अपेक्षा इतकी का ताणली गेली होती, हे आधीच्या दशकावरून कळते. १९७१ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे जन्मलेला आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये वाढलेला जेम्स १९९२ च्या सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५–९२ या अँबियंट, म्हणजे ठेक्यापेक्षा वातावरणावर भर देणाऱ्या, संगीताच्या संग्रहामुळे प्रसिद्धीस आला. १९९४ मधील त्याच्या दुसऱ्या खंडात ताल जवळजवळ नाहीसा होऊन लांबट, धूसर सूर उरले. १९९६ च्या रिचर्ड डी. जेम्स अल्बममध्ये तंतुवाद्यांचे सूर आणि अतिजलद तुटक ठेके एकत्र आले. १९९७ चे कम टू डॅडी आणि १९९९ चे विंडोलिकर यांनी, विशेषतः दिग्दर्शक ख्रिस कनिंगहॅमच्या व्हिडिओंमुळे, त्याला या क्षेत्राबाहेरही ओळख मिळवून दिली. दर वेळी दिशा बदलणारा संगीतकार अशी त्याची ख्याती झाली होती. त्यामुळे पाच वर्षांनी पूर्ण लांबीचा अल्बम येतो म्हटल्यावर श्रोते आणखी एका वळणाची वाट पाहत होते, आणि हाती आला तो मागच्या सर्व वाटा एकाच वेळी चालणारा अल्बम.

ड्रक्समधील रचना ढोबळमानाने दोन टोकांना आहेत. एका टोकाला लहान, एकाकी वाटणाऱ्या पियानोच्या रचना आहेत. त्यांतील अनेक रचना यामाहाच्या डिस्कलाव्हियर या वाद्यावर वाजवून घेतलेल्या आहेत; या वाद्यात संगणकाच्या आज्ञेनुसार खऱ्या पियानोच्या पट्ट्या आणि हातोड्या हलतात. काही रचनांत अमेरिकन संगीतकार जॉन केजने १९४० पासून रुजवलेल्या पद्धतीने तारांमध्ये वस्तू अडकवून वाद्याचा आवाज बदललेला आहे. दुसऱ्या टोकाला व्होर्दहोस्बन, मेल्टफेस ६ किंवा फिफ्टीफोर कम्री बीट्स यांसारख्या रचना आहेत. त्यांत ड्रमचा ठेका सेकंदाच्या लहान लहान अंशांत चिरून, उलटवून आणि पुन्हा जुळवून असा विणला आहे की, एकच आघात पुढच्या क्षणी कंपन पावणारा सूर होतो. या दोन टोकांच्या मध्ये काही गडद अँबियंट तुकडे आहेत आणि फोनवर ठेवलेल्या वाढदिवसाच्या कौटुंबिक शुभेच्छांचे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रणही आहे. बरीच शीर्षके कॉर्नवॉलच्या कॉर्निश भाषेतील किंवा अक्षरांची मनमानी जुळवणी असल्याने पुढे काय ऐकू येणार, याचा सुगावा त्यांवरून लागत नाही.

नाराज श्रोत्यांचा पहिला आक्षेप नावीन्याच्या अभावाचा होता. जलद ठेक्यांचे हे तंत्र जेम्सने स्वतःच १९९० च्या दशकाच्या मध्यात पुढे आणले होते आणि २००१ पर्यंत त्याचे अनुकरण करणारे अनेक जण झाले होते. तेव्हा त्यानेच ते पुन्हा वापरावे, हे त्यांना थांबल्यासारखे वाटले. पियानोच्या रचनांबद्दलही फ्रेंच संगीतकार एरिक सातीचे नाव घेऊन, शतकभर जुन्या वाटेवरचे हे संगीत असल्याचे सांगण्यात आले. दुसरा आक्षेप लांबीचा होता : निवड नीट केली असती तर हा अल्बम एका सीडीत मावला असता आणि उत्तम ठरला असता, असे त्याचे चाहतेही म्हणत. कंपनीशी असलेला करार एकदाचा पुरा करण्यासाठी जेम्सने उरलेसुरले दिले असावे, असा तर्क याच लांबीमुळे पसरला.

या तर्काला खुद्द जेम्सच्या एका खुलाशाने वेगळे वळण मिळाले. आपल्या अप्रकाशित रचना साठवलेला एमपी३ प्लेअर विमानात विसरल्याचे आणि त्या रचना इंटरनेटवर येण्याआधी आपणच प्रकाशित कराव्यात असे वाटल्याचे त्याने मुलाखतीत सांगितले. इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घेण्याची सोय करणाऱ्या नॅपस्टरच्या उदयानंतरच्या त्या काळात ही भीती निराधार नव्हती. परंतु मुलाखतींत थापा मारण्यासाठीही तो प्रसिद्ध असल्यामुळे हा खुलासा किती खरा मानायचा, यावरही श्रोत्यांचे एकमत झाले नाही. हा अल्बम संकल्पित कृती आहे की केवळ साठा, या प्रश्नाला मात्र त्यामुळे धार आली.

वॉर्पनेच त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांच्या जोडीचा कॉनफील्ड हा अल्बम प्रकाशित केला होता आणि त्यावरही श्रोते असेच विभागले गेले होते. दोन्ही वादांची तुलना उद्बोधक आहे. कॉनफील्डमध्ये संगणकावर नियम रचून त्यांतून ठेके निपजू देण्याची पद्धत होती, आणि ताल धरता येत नाही, हे संगीत माणसाला परके झाले आहे, अशी त्याविरुद्ध तक्रार होती. ड्रक्सविरुद्धची तक्रार याच्या नेमकी उलट होती. एकच श्रोतृवर्ग एकाच वर्षी एका अल्बमला फार पुढे गेल्याबद्दल आणि दुसऱ्याला पुढे न गेल्याबद्दल दोष देत होता. यावरून या वर्गाने प्रगती हाच रसग्रहणाचा मुख्य निकष मानला होता हे दिसते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ड्रक्सवरील पहिल्या प्रतिक्रियांची मर्यादाही हीच आहे.

कारण हा अल्बम बारकाव्यांत ऐकावा लागतो. आव्रिल फोर्टीन्थ ही दोन मिनिटांची पियानोरचना घ्यावी. तिची धून सहज गुणगुणता येईल इतकी सोपी आहे, पण सुरांच्या मागे पट्ट्या आणि हातोड्यांची यांत्रिक खटखट मुद्दाम राखलेली आहे. माणसाच्या बोटांशिवाय वाजणारा पियानो एवढा हळवा कसा वाटतो, हा प्रश्न त्या खटखटीमुळेच उभा राहतो. तसेच व्होर्दहोस्बनमध्ये ठेक्याची कोणतीही ओळ जशीच्या तशी परत येत असल्याचे क्वचितच जाणवते, आणि तरीही खालचा संथ स्वरमेळ ऐकणाऱ्याला हरवू देत नाही. समर्थकांनी पहिल्यापासून हेच मांडले की, येथे तंत्र जुने असले तरी त्याची परिपक्वता नवी आहे.

क्रमाचा प्रश्न अधिक अवघड आहे. पहिल्या सीडीवर आव्रिल फोर्टीन्थच्या आधी पाच मिनिटांहून मोठी आक्रमक रचना येते आणि लगेच नंतर माउंट सेंट मिशेल + सेंट मायकल्स माउंट ही आठ मिनिटांची वेगवान रचना सुरू होते. विरोधकांच्या मते ही फेकाफेक आहे. कोणताही भाव रुजण्याआधीच तो उपटला जातो. समर्थकांच्या मते गोंगाटाने थकलेल्या कानालाच पियानोची शांतता खरी कळते. दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे, पण सर्वत्र नाही. पहिल्या सीडीला ते लागू पडते. दुसऱ्या सीडीच्या मधल्या भागात मात्र अगदी लहान तुकडे एकापाठोपाठ येऊन विरतात आणि तेथे निवडीचा आक्षेप अजूनही टिकून आहे.

पुढील वर्षांत या रचनांना अनपेक्षित ठिकाणांहून मान्यता मिळाली. अमेरिकेतील अलार्म विल साउंड या वाद्यवृंदाने २००५ मध्ये एफेक्स ट्विनच्या रचनांचा एक संपूर्ण अल्बम पारंपरिक वाद्यांवर वाजवून प्रकाशित केला आणि त्यात ड्रक्समधील अनेक रचना होत्या. संगणकाने विणलेले ठेके हाडामांसाच्या वादकांनी कागदावरून वाजवल्यावर, ती नुसती वेगाची करामत असल्याचा आरोप बराच लटका पडला. आव्रिल फोर्टीन्थ ही रचना २००६ मध्ये सोफिया कोपोलाच्या मरी आंत्वानेत या चित्रपटात वापरली गेली आणि २०१० मध्ये रॅपर कान्ये वेस्टच्या ब्लेम गेम या गीताचा आधार बनली. ती आज जेम्सच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक आहे. २०२० च्या दशकात क्यूकेथर हा दीड मिनिटाहूनही लहान तुकडा छोट्या व्हिडिओंच्या पार्श्वसंगीतामुळे अशा तरुणांपर्यंत पोहोचला, ज्यांतील अनेकांचा अल्बम प्रकाशित झाला तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

या लोकप्रियतेमुळे अल्बमविषयीचे सर्वसाधारण मत अनुकूल झाले, परंतु जुना वाद त्यातून सुटला असे म्हणता येत नाही. नवा श्रोता पियानोच्या रचना वेगळ्या काढून ऐकतो. सीडी लावून बसणाऱ्याला जो क्रम सोसावा लागे, त्याच्याशी नव्या श्रोत्याची गाठच पडत नाही. ज्यांना अशी सुटी लोकप्रियता मिळाली नाही, त्या रचनांबाबत मतभेद जुन्याच जोमाने दिसतात. किंकाळ्या, खरखर आणि विस्कटलेले पियानोचे आघात यांनी भरलेली ग्वारेक २ ही साडेसहा मिनिटांची रचना काही जण दर वेळी गाळतात, तर काही जणांना तीच पहिल्या सीडीचा कणा वाटते, कारण तिच्या आधीचा वेग आणि तिच्या नंतरची शांतता यांना जोडणारे तेथे दुसरे काही नाही.