कॅन्सरचा पेशंट मुंबईत आणताय? आधी रेशनकार्ड शोधा

आत्याचा बायोप्सी रिपोर्ट आला त्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर जितकी माणसं तितकी मतं, कोण म्हणे परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल, कोण म्हणे घराजवळचं प्रायव्हेट, पण रेशनकार्ड कुठंय हे एकानेही विचारलं नाही. ते निघालं साताऱ्याला कपाटात, कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्ती होईपर्यंत इथे एका हॉस्पिटलला आम्ही डिपॉझिट भरून बसलो होतो, ते गेलं ते गेलंच.

कारण रेशनकार्डावर मिळणारी सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे, तुम्ही आधी खिशातून भरलेलं ती परत देत नाही. आता पिवळं, केशरी, पांढरं तिन्ही कार्डं चालतात, कव्हर वर्षाला 5 लाखांपर्यंत, पण ते अख्ख्या कुटुंबाला मिळून हं, माणशी नाही. हॉस्पिटल योजनेच्या यादीत पाहिजे, ते 155388 वर फोन करून विचारता येतं. त्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसतो, त्याला गाठायचं. रेशनकार्ड, पेशंटचं आधार, बायोप्सी, स्कॅनचे रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहिलेला ट्रीटमेंट प्लॅन एवढं त्याला लागतं, मग तो ऑनलाइन मंजुरीला टाकतो. मंजुरी आली की मगच ऑपरेशन किंवा किमो. "उद्याच ॲडमिट करा" असं कोणी म्हटलं तरी पैसे भरायच्या आधी एकदा विचारा, योजनेत बसतंय का.

परळच्या टाटाला रजिस्ट्रेशनलाच जनरल की प्रायव्हेट विचारतात, योजना घ्यायची तर जनरल सांगा. बाहेर बायोप्सी झाली असेल तर नुसता कागद पुरत नाही, स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याचा काचेवरचा आणि मेणातला नमुना) त्या लॅबमधून मागून घ्या, टाटावाले परत तपासतात. खर्चाचं अडलं तर तिथल्या मेडिकल सोशल वर्करकडे जा, लाजायचं काय त्यात.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक पण लागतं, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तुमच्या नाही. दाखल्याला वेळ लागतो म्हणून गावाकडच्या एखाद्या भावाला हेच काम लावून द्या, नाहीतर तो रोज फोन करून "दुसरं ओपिनियन घेतलं का" विचारत बसतो.

आणि ओपीडीत चौघं शिरू नका. आमच्याकडे फाईल वहिनीकडे असायची, डॉक्टर बोलतील ते ती वहीत लिहायची, प्रश्न आदल्या रात्री ठरवायचे, सर्जरी आधी की किमो आधी, किमोच्या किती सायकल म्हणजे फेऱ्या, न केलं तर काय. आणि आत्याला काय पाहिजे हे आत्यालाच विचारायचं, काका परस्पर उत्तर देऊन टाकायचे त्यावरून भांडणं झालीत.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती, पण गर्दी असते, लवकर विचारा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलच भरून देतं, ट्रीटमेंटसाठी येता-जाता स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं भाडं माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. तिकीट मात्र फॉर्म घेऊन रिझर्वेशनच्या खिडकीवरच काढा.