घरकामगार करार (क्रमांक १८९)

घरकामगारांना सन्मानाचे काम आणि कायद्याचे संरक्षण मिळावे यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जिनिव्हा येथील शंभराव्या परिषदेत १६ जून २०११ रोजी तो मंजूर झाला. बाजूने ३९६, विरोधात १६ मते पडली आणि ६३ प्रतिनिधी तटस्थ राहिले. ब्रिटनचे सरकार तटस्थांत होते. सोबत शिफारस क्रमांक २०१ ही मंजूर झाली. या परिषदेत प्रत्येक देशाची चार मते असतात : दोन सरकारची, एक मालकांचे, एक कामगारांचे. घरकामाच्या बाबतीत हा मालक म्हणजे बहुधा एखादे कुटुंबच, आणि आपण कुणाचे मालक आहोत हे त्या कुटुंबाच्या गावीही नसते. कराराची खरी अडचण तीच आहे.

संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ७.५६ कोटी घरकामगार आहेत. त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया असून दहांतले आठ जण कोणत्याही नोंदीशिवाय काम करतात. ‘घरच्यासारखी’ म्हणवल्या जाणाऱ्या बाईला सुट्टी मागणे अवघड जाते, कारण घरच्या माणसाला सुट्टी नसतेच.

करारातील कलमे या घरगुती वास्तवाला धरून आहेत. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळाली पाहिजे. कामाच्या घरी राहायचे की नाही, हे कामगाराच्या संमतीने ठरावे. राहत असेल तरी सुट्टीच्या वेळी तिला घरात थांबवून ठेवता येत नाही. पासपोर्ट व ओळखपत्रे तिच्याच ताब्यात राहतील. परदेशी जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी लेखी अटी हातात मिळाव्यात, आणि एजंटची फी पगारातून कापू नये. सर्वांत मार्मिक कलम ताटकळण्याच्या वेळेविषयी आहे. रात्री बाळ रडले की उठायचे म्हणून जी दाराशी अंथरूण टाकते, तिची ती झोप विश्रांती नव्हे; असा वेळ देशाचा कायदा ठरवील तितका कामातच धरायचा आहे.

उरुग्वेने २०१२ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन, म्हणजे करार आपल्यावर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता, दिले. तेथे २००६ पासूनच घरकामाचा कायदा होता आणि पगाराच्या वाटाघाटीत मालकांच्या बाजूने चक्क गृहिणींची संघटना बसते. निरीक्षकाला घरात शिरायला न्यायालयाचा आदेश लागतो, पण शिरता येते. फिलिपिन्स दुसरा देश. दोन देशांचे अनुसमर्थन झाल्यावर वर्षभराने करार लागू व्हायचा होता; त्यामुळे ५ सप्टेंबर २०१३ रोजी तो अमलात आला. त्याच वर्षी माँटेव्हिडिओ येथे घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आजवर पस्तीसहून अधिक देशांनी अनुसमर्थन दिले आहे. आखाती देश, जिथे लक्षावधी परदेशी बायका राबतात, त्यांत नाहीत.

भारताने बाजूने मत दिले, अनुसमर्थन मात्र दिलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घरही कामाचे ठिकाण मानले गेले, ही त्यातल्या त्यात मोठी गोष्ट. महाराष्ट्रात हा प्रश्न कराराच्या कितीतरी आधीचा आहे. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी नोंदणी झालेल्यांना मदत देण्याची त्यात तरतूद आहे. पण हा कायदा कल्याणापुरता आहे. धुणे, भांडी, केरफरशी यांचा दर, कामाचे तास आणि भरपगारी रजा तो ठरवत नाही. ते सारे अजून दारातल्या घासाघिशीत ठरते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिले जाते : खाड्याच्या तारखांभोवती पेनाचे गोल, आणि महिनाअखेरीस तेवढ्या दिवसांची कपात.