‘चाललं’ कळवताना चौथा आकडाही कळवा

लिबरऑफिस या पत्रं, तक्ते, पावत्या करायच्या फुकट सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येण्याआधी आम्ही तिची चाचणीची प्रत तुमच्या संगणकावर घालून, पिवळ्या ठिपक्याचं तिचं एक वेगळं आयकॉन ठेवून जातो आणि रोजच्या चार-पाच फायली त्यातून उघडून पाहायला सांगतो, हे आमच्या वार्षिक करारातल्या ग्राहकांना ठाऊक आहेच. बहुतेक जण मनापासून पाहतात. दोन दिवसांनी निरोप येतो, “सगळं चाललं.” पण कशात चाललं, हे त्या निरोपावरून कळत नाही. मग आम्हाला परत फोन करावा लागतो, आणि कधी कधी गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या दुकानातून काणकोणपर्यंत जावं लागतं.

एका देवस्थानाच्या कचेरीतून पंधरा दिवस निरोप येत होता, अभिषेकाच्या पावत्या नीट छापतात म्हणून. आम्ही दुसऱ्या कामाला तिथे गेलो तेव्हा कारकुनांना म्हटलं, एकदा आमच्यासमोर छापा. त्यांनी फोल्डर उघडला, पावतीच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, आणि फाइल उघडली ती जुन्या, नेहमीच्या लिबरऑफिसमध्ये. पंधरा दिवस जुन्याच आवृत्तीची चाचणी चालली होती. त्यांना दोष देता येणार नाही, फाइलवर दोनदा क्लिक करायची सवय आपल्या सगळ्यांच्याच हाताला आहे. म्हणून आधी पिवळ्या ठिपक्याचं आयकॉन उघडा आणि मग त्याच खिडकीतल्या फाइल मेनूतून तुमची फाइल उघडा. क्रम उलटा झाला की मेहनत वाया जाते.

आपण नक्की कशात आहोत हे पाहायला मदत मेनूतली अगदी खालची, लिबरऑफिसबद्दलची ओळ निवडा. तिथे आवृत्ती चार आकड्यांत लिहिलेली असते. उदाहरणार्थ २४.२.०.१. पहिले दोन आकडे वर्ष आणि महिना सांगतात; ही पद्धत २०२४ च्या २४.२ पासून सुरू झाली. तिसरा आकडा दुरुस्ती-आवृत्तीचा. चौथा आकडा मात्र आपल्या कामाचा, कारण आपल्या हातात आलेली उमेदवार प्रत, म्हणजे अंतिम आवृत्तीआधी चाचणीसाठी काढलेली प्रत, कितवी, हे त्यावरून कळतं. लिबरऑफिस प्रकल्पाचे लोक पहिली प्रत बाहेर काढतात, जगभरातून दोष कळवले जातात, काही दुरुस्त होतात आणि दुसरी प्रत येते, मग गरजेनुसार तिसरी. शेवटच्या प्रतीत गंभीर काही सापडलं नाही तर तीच, एक अक्षरही न बदलता, अंतिम म्हणून जाहीर होते. ३१ जानेवारी २०२४ ला जाहीर झालेली २४.२ म्हणजे २४.२.०.३, तिसरी उमेदवार प्रतच. जे काही सांगायचं ते त्या आधी सांगितलं, तरच अंतिम आवृत्तीत त्याचा उपयोग.

आमच्याकडे यासाठी एक तक्ता असतो. आडव्या ओळीत तुमच्या फायली, उभ्या रकान्यात चौथा आकडा, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक शब्द: चाललं, अडलं किंवा पाहिलं नाही. नवी प्रत आली की नवा रकाना कोरा उघडतो. पहिल्या प्रतीतलं ‘चाललं’ आम्ही दुसरीच्या रकान्यात ओढत नाही, कारण मधल्या दुरुस्त्यांनी दुसरं काही बिघडलेलं असू शकतं. “परवाच पाहिलं होतं, परत कशाला?” असं आम्हाला दर खेपेला विचारलं जातं, ते यामुळेच. मात्र दोन प्रतींमध्ये काय काय दुरुस्त झालं याची यादी प्रकल्प प्रसिद्ध करतो. ती वाचून तुमच्यापैकी कोणी काय पुन्हा पाहायचं, तेवढंच आम्ही कळवतो. सगळं पुन्हा करायला लावत नाही.

काय पाहायचं? मराठी अक्षरं आधी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकाखाली एक टाइप करून कागदावर छापा. दुसऱ्या शब्दातला आडवा रफार नीट आला पाहिजे. देवस्थानांनी ‘पुजाऱ्यांना’, शाळांनी ‘अपुऱ्या’ हे शब्द आपल्याच नमुन्यात बघावेत. पतसंस्थांनी १२,३४,५६७ असा लाखाचा स्वल्पविराम जागेवर आहे ना ते पाहावं. पडद्यावर बरोबर दिसलं म्हणजे कागदावरही बरोबर येईल असं नाही, म्हणून एक पान छापाच.

काही अडलं तर आवृत्तीच्या ओळीशेजारी नक्कल करायचं बटण असतं. ते दाबून आलेला मजकूर जसाच्या तसा आम्हाला पाठवा, सोबत ती फाइल आणि छापलेल्या पानाचा फोटो. पुढे प्रकल्पाच्या दोषनोंदीत इंग्रजीत लिहायचं काम आमचं. अर्धवट माहितीची नोंद तिथे ‘माहिती हवी’ या शेऱ्यासह थांबते, साधारण सहा महिन्यांनी आठवण येते, आणि तरीही उत्तर नाही दिलं तर पुढच्या महिन्याभरात बंद होते. गोव्यातल्या छोट्या कचेरीची अडचण तिथवर पोचावी असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून एवढा आग्रह.

नवी आवृत्ती जाहीर झाली तरी आम्ही ती त्याच दिवशी का घालत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. मोठ्या आवृत्त्या वर्षाला दोन, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास. फेब्रुवारीनंतर लगेच मार्चअखेर आणि परीक्षा, ऑगस्टनंतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीत कचेऱ्या बंद, माणसं गावी. अशा वेळी कुणाचा प्रिंटर रुसला तर कोण धावणार? म्हणून आम्ही दोन-तीन दुरुस्ती-आवृत्त्या येऊ देतो आणि तक्त्यात तुमच्या सगळ्या चौकटींत ‘चाललं’ दिसल्यावरच बदलतो. तोवर जुन्या मालिकेला दुरुस्त्या मिळत असतात, त्यामुळे तुमचं काम धोक्यात नसतं. कृपया मधल्या काळात भाच्याकडून किंवा शेजाऱ्याकडून अपग्रेड करून घेऊ नका.

सॉफ्टवेअर फुकट आहे, मग पैसे कशाचे? या तक्त्याचे, चाचणीच्या फेऱ्यांचे आणि बिघडल्यावर जुन्या आवृत्तीवर त्याच दिवशी परत आणून देण्याचे. करारातल्या ग्राहकांना चाचणीचे वेगळे पैसे पडत नाहीत. करार नसलेल्यांनी शनिवारी सकाळी आपल्या दोन-तीन फायली पेनड्राइव्हवर घेऊन फोंड्याच्या दुकानात यावं; आमच्या चाचणीच्या संगणकावर तुमच्यासमोर उघडून, छापून दाखवू. येताना नेहमी वापरता तो कोरा पावतीचा कागदही घेऊन या.