रीफ टँकमधील मॅग्नेशियम

घरी प्रवाळ वाढवण्यासाठी ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत (रीफ टँक) मॅग्नेशियमची पातळी साधारण 1250 ते 1350 पीपीएम (एका लिटरमागे इतके मिलिग्रॅम) राखतात. 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) लवणतेच्या समुद्राच्या पाण्यात ती सुमारे 1290 असते. त्या पाण्यातील धन आयनांत सोडियमच्या खालोखाल मॅग्नेशियमच असते, वजनाने कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट.

प्रवाळाच्या सांगाड्यात मॅग्नेशियम फार थोडे जाते. त्याचे खरे काम पाण्यात आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके असते, की चुना आपोआप खाली बसायला हवा. तो बसत नाही, कारण नुकत्याच तयार होणाऱ्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम जाऊन बसते आणि त्यांची वाढ रोखते. मॅग्नेशियम घटले की हा अडसर ढिला होतो. हीटरवर पांढरा खरखरीत थर चढतो, पंपाचा इंपेलर (आतले फिरते पाते) अडकू लागतो आणि बफर (अल्कलिनिटी वाढवणारे रसायन) कितीही घातला तरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातील मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, दोन दिवसांत खाली येते. मात्र पीएच किंवा अल्कलिनिटी फार वर गेली तरी हीच लक्षणे दिसतात. थर दिसला म्हणून लगेच मॅग्नेशियमला जबाबदार धरू नये.

कमी आकडा दिसला की आधी लवणता तपासावी. 32 पीपीटीच्या पाण्यात मॅग्नेशियम 1180 च भरते. तिथे मीठ कमी पडलेले असते, मॅग्नेशियम नव्हे. रिफ्रॅक्टोमीटर (लवणता मोजण्याचे उपकरण) साध्या पाण्यावर शून्याला जुळवून भागत नाही. 35 पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर जुळवावा. घरगुती किटमध्ये थेंबाथेंबाने द्रावण घालत रंग बदलेपर्यंत मोजणी करतात. नमुना किंचित कमीजास्त भरला, सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला किंवा रंगबदलाचा क्षण चुकला, तर 50 पीपीएमचा फरक सहज पडतो. म्हणून 1280 आणि 1310 या आकड्यांतला फरक मनावर घेण्यासारखा नाही. शंका असल्यास त्याच किटने ताजे कालवलेले मिठाचे पाणी मोजून पाहावे. पिशवीतल्या मिठाचे घटक वाहतुकीत वेगळे होतात, त्यामुळे वापरण्यापूर्वी पिशवी उलटीपालटी करून हलवून घेणे बरे.

खपाचे प्रमाण टाकीत काय वाढते यावर ठरते. दगडांवर चढणारे गुलाबी-जांभळे कोरलाइन शैवाल कठीण प्रवाळांपेक्षा बरेच जास्त मॅग्नेशियम शोषते. मऊ प्रवाळांच्या टाकीत दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलले की बहुधा वेगळे काही घालावे लागत नाही. कठीण प्रवाळांनी भरलेल्या टाकीतही कॅल्शियम आणि अल्कलिनिटीच्या मानाने ते सावकाश उतरते. महिन्यातून एकदोनदा मोजले तरी पुरते.

भर घालायची तर मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट (सुमारे 12 टक्के मॅग्नेशियम) आणि मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट, म्हणजे एप्सम सॉल्ट (9.9 टक्के), ही दोन लवणे वापरतात. समुद्रातील क्लोराइड-सल्फेटचे प्रमाण टिकवायचे असेल तर वजनाने आठास एक असे मिश्रण जुळते. समजा, दगड-वाळू वजा जाता टाकीत निव्वळ 180 लिटर पाणी आहे, लवणता बरोबर आहे आणि मॅग्नेशियम 1180 वरून 1300 ला न्यायचे आहे. तूट 120 पीपीएम, म्हणजे 21.6 ग्रॅम मॅग्नेशियम. त्यासाठी 164 ग्रॅम क्लोराइड आणि 20 ग्रॅम सल्फेट लागेल. ते आरओ-डीआय पाण्यात (क्षार काढून शुद्ध केलेल्या पाण्यात) पूर्ण विरघळवून तीन दिवसांत तीन समान हप्त्यांनी, संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू ओतावे. दिवसाला 100 पीपीएमच्या वर जाऊ नये. एवढ्या भरीने लवणताही अर्ध्या पीपीटीच्या आसपास वाढते, हे बहुतेक जण विसरतात. मॅग्नेशियमचे द्रावण अल्कलिनिटीच्या द्रावणात मिसळू नये. दोन्ही घट्ट असल्याने लगेच साका बसतो.

शेतीच्या दुकानात फवारणीसाठी मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट हे रसायन म्हणून तेच असले तरी त्याच्या शुद्धतेची हमी टाकीसाठी पुरेशी नसते. औषधी दर्जाचे घ्यावे. क्लोराइड हवेतली ओल भराभर ओढते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी आठवडाभरात चिकट होते, आणि मग मोजलेल्या 100 ग्रॅममधले काही ग्रॅम नुसतेच पाणी असते. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे, किंवा आणल्याबरोबर ठरावीक ताकदीचे द्रावण करून ठेवावे.

1400 च्या थोडे वर गेल्याने सहसा बिघडत नाही. ब्रायॉप्सिस हे पिसासारखे हिरवे शैवाल मारण्यासाठी काही जण मुद्दाम 1600 पर्यंत नेतात. ठरावीक उत्पादनांनीच गुण येतो असा अनुभव असल्याने त्यामागे मॅग्नेशियम आहे की त्यातली एखादी अशुद्धी, हा वाद आहे. धोका मात्र उघड आहे: मॅग्नेशियम क्लोराइड हे प्रयोगशाळेत सागरी अपृष्ठवंशीय प्राण्यांना गुंगी देण्यासाठी वापरतात. पातळी फार चढली तर आधी गोगलगायी काचेवरून सुटून उलट्या पडतात. पातळी उतरवायची तर पाणी बदलण्यावाचून सोपा मार्ग नाही, आणि तोही सावकाशीचा: 1600 च्या टाकीतले चौथाई पाणी 1300 च्या पाण्याने बदलले, तरी आकडा 1525 वरच येतो.